शेजारच्या परसातलं लॉक

नव्वदच्या दशकाच्या मध्यात, ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी, सिडनीतल्या पेंडल हिलमध्ये आमच्या शेजाऱ्यांच्या परसात एक छोटी लाकडी होडी वीतभर वर चढली. पंप नव्हता, मोटर नव्हती. पाहणारे तिघे होतो: शेजारी, माझे वडील आणि मी.

शेजारी पंचाहत्तरीच्या पुढचे, जन्माने इंग्रज. त्यांचे आजोबा इंग्लंडमधल्या एका जुन्या कालव्यावर लॉक सांभाळत. लॉक म्हणजे कालव्यातली, दोन दारांमधली दगडी खोली. होडी आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं. पाण्याबरोबर होडी वरच्या पातळीला येते. पण नातू जन्मला तेव्हा ते लॉक बंद पडलं होतं. त्यांनी पाहिली ती कोरडी खोली, कुजलेली दारं आणि आत माजलेलं रान. पाणी कधीच नाही. आता घर विकलं होतं. मंगळवारी ते डार्विनला मुलीकडे कायमचे जाणार होते. त्याआधी आजोबांचं लॉक त्यांना एकदा चालताना पाहायचं होतं. म्हणून परसात त्याची लहान प्रतिकृती बांधायला घेतली होती, पण संधिवाताने हात साथ देत नव्हते.

वडील पुण्याहून आमच्याकडे राहायला आले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. कुंपणापलीकडे करवतीचा आवाज आला आणि ते तिकडे गेले. दोघं इंग्रजीत बोलत. शेजारी त्यांना ‘चीफ’ म्हणत, कधी ‘मेट’, म्हणजे दोस्त.

फळ्यांचा लांबट हौद, आत प्लास्टिक, मध्ये दारांच्या दोन जोड्या. तळ वडिलांनी बसवला होता. शनिवारी सकाळी वरच्या भागात नळी सोडली. पाणी सगळं दाराशी धावलं आणि वरून सांडलं. दुसरं टोक कोरडंच राहिलं.

“चीफ, तळाला उतार दिलास?”

“कालवा आहे. उतार हवाच.”

“कशाला?”

“पाणी पुढे जायला.”

“ते कुठे जाणार? आमच्याकडे होडी जाते, मेट. पाणी घरीच बसतं.”

वडिलांनी नळ बंद केला. “बसलेल्या पाण्यासाठी मी जन्मभर लोकांना मेमो दिले,” ते म्हणाले.

“माझा मेमो डार्विनला पाठव. आधी हे सरळ कर.”

पाणसळ लावून वडिलांनी तळ सपाट केला. जेवायला कोणी उठलं नाही. मी कुंपणावरून पोळीच्या गुंडाळ्या दिल्या.

दुपारी शेजाऱ्यांनी होडी खालच्या पाण्यातून दारांमधल्या खोलीत सरकवली आणि खालचं दार लावलं. दारांची पानं वरच्या पाण्याकडे टोक करून मिटत. पाणी दाबेल तितकी घट्ट बसत. वरचं दार वडिलांनी तळव्याने ढकलून पाहिलं. हललं नाही. मग त्यांनी त्यातली झडप उचलली.

होडी थरथरली आणि वर येऊ लागली, इतकी हळू की फळीवरची ओली रेघ पाहूनच कळत होतं. वाहणारं, साचणारं, आटणारं पाणी मी पाहिलं होतं. काही अलगद उचलून देणारं पाणी पहिल्यांदा पाहत होते. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं. शेजाऱ्यांनी वाकडं झालेलं बोट दाराला लावलं. दार उघडलं.

शेजारी म्हणाले, “परत खाली आणू या?”

“आणू,” वडील म्हणाले. “झडप आता तू धर.”

दिसेनासं होईपर्यंत दोघं होडी चढवत-उतरवत होते.

मंगळवारी शेजारी डार्विनला गेले. होडी त्यांनी सोबत नेली. नव्या मालकांनी हौद मोडून तिथे गॅरेजसाठी काँक्रीट ओतलं.