गाठोड्यातला सुती फ्रॉक

दिवाळीत शिरूरच्या बाजारात फटाके विकणाऱ्या त्या मावशींचं नाव मला कधीच कळलं नाही. फुलबाज्या मागितल्या की त्या आधी पोरीच्या फ्रॉकची कड दोन बोटांत चोळून बघायच्या. मी आठ वर्षांची होते. माझा नवाकोरा नायलॉनचा फ्रॉक चोळून त्यांनी मान हलवली.

"ह्यो ठिणगीनं अंगाला चिकटतोय. सुती घालून ये."

"सुती न्हाई मला," मी रडकुंडीला आले.

त्यांनी दुकानातलं गाठोडं सोडून एक विटका सुती फ्रॉक काढला. "नवा मिरवायला ठेव. फुलबाज्या ह्यात उडव. भाऊबीज झाली की धुऊन आणून दे."

अख्खी दिवाळी मी त्यांच्यावर धुसफुसत होते. आईनं मात्र तो फ्रॉक धुऊन परत दिला, पुढच्या वर्षी माझ्यासाठी हिरव्या खिशाचा सुती फ्रॉक शिवला आणि मला लहान झाल्यावर तोही मावशींच्या गाठोड्यात टाकला.

परवाच्या दिवाळीत लेकीला घेऊन गेले. मावशी थकल्यात. मला ओळखलं नाही, पण लेकीचा चमचमता घागरा चोळला, गाठोडं सोडलं आणि हिरव्या खिशाचा फ्रॉक पुढं केला.

"कुणाचा हाय कुणास ठाव. पण लई पोरींना पुरला बग."

मी तो लेकीला घातला आणि बटणं लावली.