मेलेल्या कंपनीची गाडी

बंद पडलेल्या कंपनीची गाडी घेऊ नये, हे जेद्दातल्या झाडून साऱ्या ओळखीच्यांनी मला सांगितलं होतं. फुकटचा सल्ला मी घेत नाही. गाडी मात्र घेतली.

खरं तर गेलो होतो पुस्तकांचं कपाट बघायला. थुवालच्या विद्यापीठातला एक अमेरिकन प्राध्यापक देश सोडून चालला होता आणि घरातलं सामान विकत होता. कपाट बरं होतं, पण कपाटाकडे जायच्या वाटेवर ती उभी होती. काळी, रुंद, पुढे दोन मोठ्या नाकपुड्या. प्राध्यापकाने किल्ली फिरवली आणि माझ्या चपलांखालची फरशी थरथरली. भिंतीवरची मांजर उडी मारून पळाली. मांजरीला जे कळलं ते मला कळलं नाही.

घरी आलो तेव्हा बायको खाली पार्किंगमध्ये उतरली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "छान आहे. पुस्तकं डिकीत ठेवायची का?"

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. आमच्या घरात ते उच्चारलं की आमटी निवते. गोष्ट मात्र सांगतो, कारण त्या काळात मी ती लिफ्टमध्ये भेटणाऱ्यालाही सांगत असे. ही कंपनी मूळची निवृत्त काकालोकांच्या गाड्या करणारी. मग तिथल्या काही वात्रट इंजिनियरांनी मोठ्या गाडीचं इंजिन लहान गाडीत कोंबलं, आणि वरच्या साहेबांनी नको म्हणू नये म्हणून 'हवं असल्यास जादा' या नावाखाली हळूच विकलं. पोरं वेडी झाली. काही वर्षं अमेरिकेतल्या सिग्नलांवर हिचीच गुरगुर. पुढे पेट्रोल महागलं, धुराचे नियम आले, इंजिनाचा गळा आवळला गेला. नाव तेच, अंगावरचे पट्टे तेच, आत दम नाही. शेवटी मुख्य कंपनीवरच संकट आलं, तेव्हा तिने बाकीची लेकरं वाचवायला हिचा हात सोडला. माझी गाडी त्या अखेरच्या दिवसांतली, मरता मरता पुन्हा एकदा मोठं इंजिन घातलेली.

हे सांगताना माझा आवाज भरून यायचा. ऐकणारा पुढच्याच मजल्यावर उतरायचा, तो मजला त्याचा नसला तरी.

जेद्दाच्या अल अझीझिया भागात भाईचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. भाई रत्नागिरीकडचा, माझ्या कितीतरी आधी इथे आलेला, आणि अरबी असं बोलणारा की सौदी गिऱ्हाइकंही त्याच्याशी घासाघीस करताना दमतात. त्याने बॉनेट उघडून आत पाहिलं आणि हळूच लावलं, आजाऱ्यावर पांघरूण घालावं तसं.

"सायेब, हिचे पार्ट माझ्याकडे फळीभर असायचे. आता एक फिल्टर उरलाय. तो मी चहा गाळायला वापरीन, पण तुम्हांस देणार नाय."

"का?"

"दिला की तुम्ही आनिक वर्षभर ही चालवाल."

पुढची चूक सासूबाईंची आणि माझी, अर्धी अर्धी. गाडीचे फोटो सांगलीला गेले. एवढी मोठी गाडी, त्यात जावयाची, म्हणजे दृष्ट लागणारच. बायको सुट्टीवरून परतली तेव्हा गोड्या मसाल्याच्या डब्यात, मसाल्यात पुरलेली, एक काळी बाहुली निघाली. बोटभर लांब, लोकरीचे केस, पांढरे डोळे, गळ्यात बिब्बा आणि वाळकी मिरची. आपल्याकडे ट्रकच्या पुढे किंवा नव्या घराच्या दारावर लटकते, तीच.

"बाबा, दॅट्स सो क्रीपी," मुलगी म्हणाली आणि त्या दिवशी तिने आमटीही खाल्ली नाही.

"बाहेर नको लावूस," बायको म्हणाली. "इथले लोक काय समजतील."

मी हुशार माणूस. बाहेर लावली नाही. बॉनेटखाली, बॅटरीच्या कडेला, कोणाला दिसणार नाही अशी बांधली. इंजिन फार थरथरायचं म्हणून गाठीवर गाठ मारली. उघड्यावर लटकणारी बाहुली नजरेसाठी असते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तीच दडवून ठेवली की कशासाठी असते, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. या देशात जादूटोणा हा गुन्हा आहे. त्याच्या शिक्षेविषयी आम्ही भारतीय मंडळी जेवणाच्या ताटावर बोलत नसू.

मग आमचा विभाग बंद झाला. मुख्य कंपनीला बाकीचे विभाग वाचवायचे होते. ही गोष्ट मला तोंडपाठ होती, त्यामुळे त्या मीटिंगमध्ये समजल्यासारखी मान डोलावणारा मी एकटाच होतो.

आता फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायची परवानगी, घ्यायची आणि निघायचं. इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, मुदत संपत आली होती, आणि बायको, मुलगी दोघी माझ्याच इकाम्यावर. पण नावावर गाडी असली की एक्झिट मिळत नाही. मोबाइलवरचं सरकारी ॲप ते लाल अक्षरांत सांगतं आणि त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही. मुदत उलटली तर तिघेही बेकायदा, मुलीचं पुण्यातलं कॉलेज आमच्याशिवाय सुरू होणार, आणि आखातात पुन्हा नोकरीचं नाव घ्यायचं नाही. सगळं एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं. कोणीतरी ही गाडी घ्यायला हवी होती.

जाहिरात टाकली. फोन यायचे. कंपनीचं नाव ऐकलं की लोक सलाम करून फोन ठेवायचे. एकाने तर घरात कोणी गेल्यासारखा मला धीर दिला.

आणि मग हफ्र अल बातिनहून फोन आला, पार देशाच्या दुसऱ्या टोकाहून. माणूस सैन्यातून निवृत्त झालेला. त्याच्या वडिलांकडे याच कंपनीची गाडी होती. तेव्हा त्या गावात ती एकच, आणि ती सुरू झाली की मुलं दारात येत. तिच्या मागच्या सीटवर झोपून तो वाढला होता. त्याचं तुटकं इंग्रजी, माझं तुटकं अरबी, आणि दोघांनी मिळून त्या मेलेल्या कंपनीचा शोक केला. फोन ठेवल्यावर मी बायकोला म्हणालो, "सुटलो."

"आधी सूट, मग म्हण," ती म्हणाली.

तो आला. दुपारच्या, असरच्या नमाजानंतर आमच्या इमारतीखाली भेटलो, बोलणं नीट व्हावं म्हणून भाईला बोलावलं होतं. त्याने गाडी चालवली, गल्लीला वळसा घालून परत आणली आणि उतरला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. "खलास," तो म्हणाला. म्हणजे ठरलं. फक्त एकदा इंजिन बघतो, वडिलांच्या गाडीसारखं आहे का ते.

त्याने बॉनेट उघडलं, आत वाकला, आणि मग हललाच नाही.

तो सावकाश मागे सरला. ओठ हलत होते. कशालाही हात लावला नव्हता, तरी त्याने हात अंगातल्या पायघोळ थोबाला पुसले. मग माझ्याकडे न बघता भाईशी काहीतरी बोलला.

"सायेब," भाई म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "तो विचारतोय, हे कोणावर केलंय."

मला हसू आलं. घाबरलो की मला हसू येतं, लग्नातही आलं होतं. त्याने ते हसू बघितलं.

"डेकोरेशन," मी म्हणालो.

"बॉनेटखाली?" हे त्याने नाही, भाईनेच विचारलं.

त्या माणसाने मोबाइल काढून बाहुलीचा फोटो घेतला. किल्ली गाडीच्या टपावर ठेवली, माझ्या हातात दिली नाही. विचारून येतो, एवढंच म्हणाला. कोणाला विचारून, ते म्हणाला नाही.

तो गेल्यावर मी बाहुलीकडे हात नेला तसा भाईने मनगट धरलं.

"आता काढलीत तर लपवलंत. नाय काढलीत तर ठेवलंत. फोटो हाय त्याच्याकडे."

"मग करू काय?"

"मी सांगतो का? बांधताना इचारलं हुतं मला?"

त्यानंतरचे दिवस मी खिडकीच्या पडद्याआड काढले. आमच्या कोपऱ्यावर पोलिसांची गाडी रोजच उभी असायची, पण आधी मला ती दिसत नसे. बायको बॅगा भरत होती आणि भरलेल्या पुन्हा उपसत होती. मसाल्याचे रिकामे डबे तिने घासून घासून पांढरे केले. मुलगी मोबाइलवर काहीतरी वाचायची आणि मी गेलो की पालथा घालायची. सासूबाईंचा फोन आला, "जावईबापू, गाडी विकली का? चांगल्या माणसालाच द्या हं." मी बरं म्हणालो.

एका सकाळी इमारतीचा रखवालदार वर आला. "सर, दोन आदमी पूछ रहे थे, आप का फ्लॅट कौन सा है."

"तुम ने क्या बोला?"

"फ्लॅट नंबर बोला," तो म्हणाला. "पूछा था, तो बोला."

संध्याकाळी दार वाजलं. हफ्रचा तो माणूस होता, आणि त्याच्यासोबत एक म्हातारा, पांढरी दाढी, हातात पाण्याची बाटली. याचा मामा, जेद्दातच राहणारा. आजाऱ्यांवर कुराण पढून फुंकर घालतो. भाई धापा टाकत येईपर्यंत आम्ही तिघे पार्किंगमध्ये एकमेकांकडे न बघता उभे होतो.

म्हाताऱ्याने बॉनेट उघडायला लावलं. बराच वेळ बघितलं. मग भाईमार्फत सांगितलं, ज्याने बांधली त्यानेच सोडायची. कापायची नाही. एकेक गाठ, कारण जादू गाठीत बसते.

मी एवढ्या गाठी का मारल्या होत्या, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. तेल आणि उष्णतेने दोरा दगड झाला होता. मी नखं मोडत होतो, म्हातारा बारीक आवाजात पढत होता, एक गाठ सुटली की फुंकर घालत होता. घाम डोळ्यांत जाऊन मला दिसेना. शेवटची गाठ सुटली आणि बाहुली माझ्या बोटांतून निसटून इंजिनाच्या पोटात पडली.

पढणं थांबलं. मी गाडीखाली आडवा झालो. कपड्याच्या हँगरची तार सरळ करून भाईने दिली, आणि दोन सौदी माणसांच्या पायांसमोर, पाठीवर पडून, मी माझ्या सासूची बाहुली गळ टाकल्यासारखी ओढून काढली. तिचा एक डोळा आत राहिला. ते मी कोणाला सांगितलं नाही.

म्हाताऱ्याने ती पाण्यात बुडवली. "कशासाठी?" त्याने विचारलं.

"नजरेसाठी, शेख," भाईने सांगितलं. "सासूने पाठवली. गाडीला कोणाची नजर लागू नये म्हणून."

म्हाताऱ्याने गाडीकडे बघितलं. झिजलेले टायर, तडकलेला बंपर, दोन नाकपुड्यांतली एक दोरीने बांधलेली. त्याने काहीतरी विचारलं.

"म्हणतोय, या गाडीला?" भाई म्हणाला. "कोणाची?"

कोणी हसलं नाही. "नजर खरी असते," म्हातारा पुढे म्हणाला, "उपाय खोटा आहे." मग त्याने भाच्याचा मोबाइल मागून घेतला, डोळ्यांजवळ धरून वाचत राहिला आणि माझा दंड धरून मला बाजूला नेलं. फोटो त्यांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर गेला होता, आणि तिथून पुढे कुठे कुठे. "मी आलो, मी बघितलं, मला समजलं," भाई एकेक वाक्य मराठीत करत होता. "उद्या दुसरा बघेल. त्याला समजवायला मी नसेन. घरी जा. लवकर जा." म्हाताऱ्याने हे मुलाला सांगावं तसं सांगितलं. त्याने मला दरडावलं असतं तर मी इतका घाबरलो नसतो.

भाच्याने गाडीच्या नाकावरून एकदा हात फिरवला. "वडिलांच्या गाडीत मी झोपायचो," तो म्हणाला. "हिच्यात मला झोप येणार नाही." आणि ते निघून गेले.

दुसरं गिऱ्हाईक शोधायला आता वेळ नव्हता. भाईने एकच शब्द उच्चारला. भंगार. गाडी मोडीत काढली, नंबरप्लेटा जमा केल्या, की ती नावावरून उतरते.

दुसऱ्या दिवशी मी ती शहराबाहेरच्या भंगारवाड्यात नेली. एवढी सुरेख ती कधीच चालली नव्हती. रिकाम्या रस्त्यावर तिचा आवाज ऐकून मी एकदा विचार केला की अशीच पुढे न्यावी, आणि भाईने शेजारून विचारलं, "कुठे? हफ्रला?"

भंगारवाड्यात हिच्या बहिणी होत्या. माझ्या लिफ्टमधल्या भाषणात नसलेल्या, दारं नसलेल्या, वाळूत रिमपर्यंत रुतलेल्या. कोणाचं इंजिन काढलेलं, कोणाची नाकपुडी. ज्या देशात मुलं ज्यांच्यासाठी दारात यायची, तिथे आता त्यांच्यात कोंबड्या फिरत होत्या. लोखंडी पंजा आला, टपाला धरून त्याने तिला उचललं, आणि काचा एकदम फुटल्या. त्या आवाजाने कोंबड्यासुद्धा हलल्या नाहीत.

"रडा सायेब," भाई म्हणाला, "पण सावलीत येऊन रडा."

ॲपमधली लाल अक्षरं गेली. एक्झिट निघाली. त्यात आनंद वाटावा असं काही मला दिसलं नाही, कारण तो फोटो अजून कुठेतरी पुढे जात होता आणि तो थांबवणारं ॲप नव्हतं.

विमानतळावर पासपोर्टच्या खिडकीत बसलेला तरुण पडद्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग त्याने शेजारच्याला हाक मारली, दोघे वाकून पडदा बघू लागले. त्याने मला काहीतरी विचारलं. माझं होतं नव्हतं ते अरबी पळून गेलं होतं. मुलगी शाळेत अरबी शिकलेली, ती पुढे झाली.

"ही'ज आस्किंग, परत येणार का."

"नाही म्हण."

तिने सांगितलं. त्याने आणखी थोडं पडद्याकडे बघितलं आणि पासपोर्ट एकेक करून खिडकीतून बाहेर सरकवले.

विमानात आम्ही तिघे एका ओळीत बसलो. दार उघडंच होतं. एक उशिरा आलेला थोबातला माणूस आत शिरला आणि सीटचे आकडे वाचत, सावकाश, आमच्या दिशेने येऊ लागला. बायकोने माझा हात धरला. तो आमच्यापाशी थांबला, वरचा आकडा बघितला आणि मागे गेला. एअरहोस्टेस येऊन म्हणाली, सर, पट्टा लावा. परत आली, परत म्हणाली. दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत मी तो लावला नाही.