काख रेषेबाहेर

एक दात डाळीत सापडला, दुसरा टीव्हीच्या टेबलाखाली. दोन्ही वाटीतल्या दुधात टाकले, नववीतल्या त्या मुलीच्या तोंडात फडकं कोंबलं आणि तिला जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दात बसवून पाहिले. एकही टिकला नाही.

मी जव्हारला मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल आहे. फुटबॉलच्या वर्ल्ड कपचे दिवस होते आणि रविवारची दुपारची मॅच मी जेवणाच्या हॉलमध्ये लावून दिली होती. दाभोशाच्या एका मुलीला भावानं भिवंडीहून पिवळी जर्सी आणली होती, म्हणून तिच्या खोलीतल्या सगळ्या पिवळ्यांच्या. मग शेजारची खोली निळ्यांची होणार, हे ओघानंच आलं.

मॅच संपता संपता पिवळ्यांनी गोल केला. आमच्या पिवळ्या बाकांवर चढून नाचल्या. तेवढ्यात पंचानं कानातल्या इअरफोनला हात लावला आणि सगळं थांबलं. पडद्यावर रेषा आल्या. गोल मारणाऱ्याची काख ऑफसाइडच्या रेषेच्या पुढे होती, म्हणून गोल रद्द.

"ही रेषा आधी कुठं होती?" दाभोशाची म्हणाली. "आधी असती तर तो थांबला असता."

"तिकडं टीव्ही बघून ठरवतात," वांगणीची एक निळी म्हणाली.

"आम्ही पण टीव्हीच बघतो. आमचं बघणं का नाय धरत?"

वांगणीची उठली आणि पडद्यावर बोट टेकवून उभी राहिली. "नीट बघ. काख बाहेर." मग मागे वळून, "तुझी पण बाहेर हाय. भावाला सांग, पुढच्या वेळी अख्खी जर्सी आण."

जर्सी काखेत उसवलेली होती. सगळ्या निळ्या हसल्या.

डाळ वाढणं चालू होतं. दाभोशाचीनं भरली थाळी उचलली आणि कडेनं वांगणीचीच्या तोंडावर हाणली. ते दोन दात इथले. पुढचं कोणी ठरवून केलं नाही. केस उपटले गेले, बाक आडवे झाले, एकीनं दुसरीच्या दंडाला चावा घेतला तो सोडेचना. स्वयंपाकीणबाई पळी घेऊन मध्ये पडल्या आणि त्यांनाच कोपर बसलं. मी दोघींना थोबाडीत दिल्या, उपयोग झाला नाही. शेवटी धुण्याच्या पाण्याची बादली ओतली तेव्हा हॉल शांत झाला. फरशीवर डाळ, पाणी आणि रक्त एकत्र वाहत होतं.

नियम सरळ होता. असं रक्त काढणाऱ्या मुलीचं नाव कापायचं. दाभोशाचीचे आईबाप वीटभट्टीवर होते. नाव कापलं की तीही तिथंच, आणि भट्टीवर गेलेली मुलगी दहावीला परत आलेली मी पाहिलेली नाही. म्हणून वर कळवण्याआधी मी दोघींच्या बापांना बोलावलं.

दाभोशाचीचा बाप काखेत कोंबडा घेऊन आला. इकडच्या पाड्यांवर भांडण असंच मिटतं: चुकलेल्यानं कोंबडा द्यायचा, दोन्ही घरांनी मिळून खायचा. वांगणीचीच्या बापानं हात पुढे केला.

"कोंबडा नको," त्याची मुलगी म्हणाली. ओठ अजून सुजलेला होता.

"मग नाव कापू का हिचं?" मी विचारलं.

"नाय मॅडम. ती गेली तर मी मारू कोणाला?"

तिचा बाप म्हणाला, "गप बस."

"मला दोन पाडायचेत तिचे. मंग कोंबडा खाऊ."

दाभोशाची भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "पाड ना. मी कुठं जाते?"

मला तिला ठेवून घ्यायला कोणाच्या तरी तोंडून होकार हवा होता, तो असा मिळाला. मी वर कळवलं नाही. दोघींच्या खाटा दोन टोकांना लावल्या आणि कोंबडा मागच्या अंगणात बांधून ठेवला.

फायनलच्या रविवारी जेवण पत्रावळींवर वाढलं. पिवळे आणि निळे दोन्ही संघ कधीच हरून घरी गेले होते, तरी मुली आपापल्या जागा धरून बसल्या. एका गोलवर पंच पुन्हा कानाला हात लावून थांबला. सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते. वांगणीची उठली, हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि दाभोशाचीच्या तोंडावर मूठ हाणली. दात पडला नाही. नाकातून रक्ताची धार लागली.

कोणी जागचं हललं नाही. दाभोशाचीनं नाक पुसलं. "झालं?"

"नाय. दात राहिलेत."

"बस आता, गोल बघू दे."

कापसाचे बोळे मी सकाळीच पदरात बांधून ठेवले होते. तिच्या नाकात दोन कोंबले आणि कोंबड्याला मूठभर तांदूळ टाकायला मागे गेले.