बनूआत्याचा उजवा हात

टोकावड्याहून भावाचा फोन आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत मेंढ्यांच्या खाद्याचे वजन करत होते. "बनूआत्या गेली," एवढेच तो म्हणाला. त्याला महिना होत आला. वडिलांची ही थोरली बहीण आठवू लागले की मला तिच्या चेहऱ्याआधी तिचा उजवा हात दिसतो.

भातकापणीनंतर घाटावरचे मेंढपाळ आमच्या रिकाम्या खाचरांत कळप बसवत; जमिनीला लेंडीखत मिळे. परतताना माळशेज चढू न शकणारी एखादी मेंढी ते आत्याकडे सोडून जात. अशीच एक लंगडी, गाभण मेंढी तिच्या पडवीत होती. मी तेव्हा पशुवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला सगळेच कळत होते. मेंढीचे पोट पाहून मी सांगितले, ही लठ्ठ झाली आहे, कोकरू मोठे होऊन अडेल. कोंडा, नाचणी बंद कर. आत्याने मेंढीकडे न पाहता, तोंड अंगणाकडे वळवून तिच्या शेवटच्या बरगडीमागे उजवा हात ठेवला आणि पाठीवरून फिरवला. "लोकरीवर नको जाऊ गो. कणा हाताला लागतो, म्हंजी सुकलीय ती. दोन असतील आत, आन् तू तोंडचा घास काढतेस?"

"आत्या, पुस्तकात आहे."

"मंग मेंढीला पन वाचून दाव." ती हसली, पण शिकलेल्या भाचीचे तिने ऐकले...

तीन आठवड्यांनी मेंढी बसली ती उठेना. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. तेव्हा आहार अपुरा पडला तर आई अंगची चरबी जाळून पिल्ले पोसते आणि त्यातच खचते. हे मला पाठ होते. आत्याने गूळपाणी पाजून तिला जगवले. कोकरे दोन झाली. एक ओंजळीत मावेल एवढे, तासाभरात गेले. मी काही बोलणार, तोच ती जगलेल्याला पुसत म्हणाली, "माझी सासू पन हेच सांगायची. कमी खा, पोर बारीक असलं का सुटका लवकर व्हते. माझं पयलं असंच व्हतं... एवढंसं." त्या मुलाचा उल्लेख आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. "तुला नाय बोलत गो. पन आधी हात लाव, मंग सांग."

पुढे मी गाभण मेंढ्यांचा आहार हाच विषय निवडला. का, असे विचारणाऱ्यांना मी आजवर नीटनेटकी, शास्त्रीय उत्तरे दिली. आत्याचे नाव त्यांत नव्हते.

परवा नव्या मेंढ्या आल्या. काटा, तक्ते, सगळे तयार होते. पहिलीचे पोट चांगले गोल होते. मी तोंड खिडकीकडे वळवले आणि हात लोकरीत घातला.

कणा लागला. तिचा खुराक मी वाढवून लिहिला.