सातुर्निनोच्या लेकीचं जावळ

सातुर्निनो वाल्पा चार भाषांत बडबड करायचा, पण बासिलिओ पुमाशी तो गेल्या सहा वर्षांत एका अक्षरानं बोलला नव्हता. दोघांचं गाव एक, ओयान्तायतांबो. गल्ली एक, आणि गल्लीतल्या पाटाचं पाणीही एकच. तरुणपणी दोघांनी इंकांच्या वाटेवर पाठीवरून तंबू वाहिले, पुढे कुस्कोला बरोबरच शिकून वाटाडे झाले. आणि मग कार्निव्हलच्या फुटबॉलमध्ये घोडं अडलं. बक्षीस होतं एक बैल. सातुर्निनो गोलमध्ये उभा होता. शेवटची पेनल्टी त्याच्या दोन पायांमधून गेली आणि बासिलिओ भर मैदानात म्हणाला, "गोल विकला यानं, बैलाची एक तंगडी आज याच्या घरी शिजणार बघा." तंगडी काही आली नाही. अबोला मात्र आला, तो मुक्कामालाच राहिला.

सातुर्निनो तसा लोण्यासारखा माणूस. दमलेल्या बायकांच्या पिशव्या स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा, रडणाऱ्याला हसवायचा. पण कोणी मानाला धक्का लावला की वाटेत बसकण मारलेला लामा परवडला, सातुर्निनो नको.

त्याची लेक नायदा पाच वर्षांची झाली तरी तिचं जावळ निघालं नव्हतं. केसांच्या जटा झालेल्या, आणि डोक्याला कोणी हात लावला की पोरगी गल्ली डोक्यावर घ्यायची. एक दिवस त्याची बायको एउफेमिया म्हणाली, की पोरगी रोज बासिलिओच्या परसात गिनीपिगांना चारा घालायला जाते. तो तिच्या केसांतली कुसळं काढत बसतो आणि ती हूं की चूं करत नाही. तेव्हा कात्री त्याच्याच हातात द्यायची. रविवार ठरलाय, मक्याची दारू, चिचा, आंबायला घातलीय, बँडवाल्यांना सांगून झालंय. आता नवऱ्यानं जाऊन विचारायचं तेवढं राहिलं.

तेवढं म्हणजे डोंगराएवढं होतं. आमच्यात पहिली बट कापतो तो पोरीचा धर्मबाप होतो, आणि तिच्या बापाचा कोंपाद्रे, म्हणजे मानलेला सोयरा. कोंपाद्र्यांनी एकमेकांवर आवाज चढवायचा नसतो, मरेपर्यंत. हे विचारायला रिकाम्या हातानं जात नाहीत. पाव आणि दारूची बाटली न्यायची. समोरच्यानं पाव खाल्ला की तो हो म्हणाला. नाही खाल्ला, तर पाव काखेत मारून घरी यायचं, आणि ती शोभा सगळा गाव बघतो. सातुर्निनो दोनदा पाव घेऊन कोपऱ्यापर्यंत गेला आणि दोनदा तिथूनच परतला. बायकोला सांगितलं, बासिलिओ घरी नव्हता. दोन्ही वेळा तो दारातच उभा होता.

शुक्रवारी पर्यटकांचा मोठा जथा आला. एवढ्या माणसांना दोन वाटाडे लागतातच, आणि कंपनीच्या मालकानं जोडीला नेमका बासिलिओ दिला. एउफेमियानं ओरोपेसाचा चुता पाव आणवला, परातीएवढा, बडीशेपेच्या वासाचा. स्वतः विणलेल्या लाल फडक्यात बांधून तिनं तो नवऱ्याच्या हातात ठेवला. तिथे कोपरा नाही, म्हणाली, परत कुठून फिरशील? चेंगरू नये म्हणून त्यानं पाव आणि बाटली औषधांच्या पिशवीत ठेवली.

आगगाडीतून उतरून नदीवरचा पूल ओलांडला की चढ सुरू होतो. पायथ्याशी सातुर्निनोनं रोजच्यासारखी कोकाची तीन पानं धरून डोंगराकडे फुंकर घातली. रोज तो ऊन मागायचा. आज त्यानं जीभ मागितली.

सातुर्निनो पुढे, बासिलिओ मागे. मधली माणसं निरोप पोचवत होती. "मागच्यांना सांगा, पायरी सुटलीय." "पुढच्यांना सांगा, पाण्याला थांबा." पर्यटकांना वाटलं, ही या वाटेची जुनी रीतच असावी. दर विसाव्याला सातुर्निनो धीर करून मागे जायचा, आणि दर विसाव्याला बासिलिओला बुटाची नाडी बांधायची आठवण व्हायची.

विन्यायवायनाच्या जुन्या अवशेषांच्या अलीकडे निरोप आला, की आरेकिपाच्या ग्रासिएलाबाई या निवृत्त मास्तरणीचा गुडघा दुखतोय. सातुर्निनोनं औषधांची पिशवी हातोहात मागे पाठवली. वर पडक्या भिंतींपाशी पोचून पाणी प्यायला आणि मग त्याला पाव आठवला. तो त्या पिशवीतच गेला होता.

थोड्या वेळानं बाई लंगडत आल्या. "पाव काय गोड होता हो," त्या म्हणाल्या. "पण मला एवढासाच मिळाला. बाकीचा तुमच्या जोडीदारानं एकट्यानं संपवला. परातभर पाव, आणि अर्धा दिला असता तर बिघडलं असतं का?"

आता आली का पंचाईत. पाव खाल्लास, आता ये, असं म्हणावं तर बासिलिओ म्हणणार, लबाडी तुझ्या रक्तातच, पावाचा तुकडा लावून उंदीर पकडलास. गप्प बसावं तर दुसरा पाव नाही, आणि रविवार परवावर. जंगलाची वाट संपली. जिथून माचू पिच्चू पहिल्यांदा दिसतं त्या सूर्यद्वाराखालच्या उभ्या पायऱ्यांशी, जिथे हात टेकून चढावं लागतं, तिथे त्यानं सगळ्यांना वर पाठवलं आणि खाली थांबला. बासिलिओ आला तेव्हा दोघंच होते.

"बासी," तो म्हणाला. "तो पाव पर्यटकांचा नव्हता."

बासिलिओनं घाम पुसला. "ओरोपेसाचा चुता, तुझ्या बायकोच्या फडक्यात. मी आंधळा आहे का?"

"मग खाल्लास कशाला?"

"तू विचारेपर्यंत शिळा झाला असता."

सातुर्निनोचा जीव भांड्यात पडला. तो धपकन पायरीवर बसला आणि हसत सुटला. मग भान येऊन उठला, टोपी काढली आणि रीतीनं विचारलं, की आमच्या नायदाची पहिली बट तू कापशील का. बासिलिओनंही टोपी काढून ऐकून घेतलं. येईन म्हणाला. कात्रीला धार लावून ठेव, जटा जाड आहेत. बाटलीला हात लावलेला नाही, ती खाली उतरून उघडू, कोंपाद्रे.

वरून बाईंची तक्रार ऐकू आली, की माचू पिच्चूवर ढग बसलेत आणि एवढं चढून काही दिसत नाही. दोघं चढू लागले, सातुर्निनो पुढे, बासिलिओ मागे. अर्ध्यावर मागून आवाज आला.

"उद्या कुस्कोला भावाकडे निघणार होतो. तुझ्या दारात बँड वाजला असता आणि मी घरात बसून ऐकला असता, ते मला झेपलं नसतं."

सातुर्निनो मागे वळला नाही. डोळे भरून आले होते, आणि ते दाखवण्याइतकी ही नवी सोयरीक अजून जुनी झाली नव्हती.