गिरणीतला शेवटचा माणूस

आधी चहा घ्या. हा किस्सा ऐकल्यावर तुम्ही पुन्हा कधी माझा सल्ला मागायला येणार नाही, तेव्हा आजच काय तो पाहुणचार करून घेतो.

स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. रेवदंड्याच्या एका भातगिरणीत मी भात तोलायला होतो. सातवी पास, त्यामुळे डोक्यात वारं भरपूर. मालक अण्णांनी नवं यंत्र आणलं आणि एक माणूस जास्त झाला. नाव कुणाचं निघालं? धर्मामामांचं! गिरणीतला सगळ्यात जुना माणूस. हात जरा हळू चालायचा, एवढाच गुन्हा.

मामा पायरीवर बसून म्हणाले, "या वयात मना कोन ठेवील रं? घरात खानारी तोंडं हायेत."

मला ते बघवेना. म्हटलं, "मामा, तुम्ही इथून हलायचं नाही. मी बघतो."

तडक अलिबाग गाठलं आणि एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "माणूस जास्त झाला म्हणून कमी करायचा, तर शेवटी लागला तो आधी जातो. शिवाय महिन्याची लेखी नोटीस, कारणासकट."

मी मनात नाचलोच. कारण शेवटी लागला होता अण्णांचा मेव्हणा वसंता. दिवाळीला आला आणि तेव्हापासून पोत्यांवर झोपा काढत होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी अण्णांना गाठलं.

"मामांना काढता येणार नाही. शेवटी लागला तो आधी जाणार. कायदा आहे."

"मग तो कुणी का असेना?"

"कुणी का असेना. मालकाचा नातलग असला तरी."

मामा मागून माझा सदरा ओढत होते. "बस कर रं बाबा." मला वाटलं, म्हातारा घाबरला. मी कसला थांबतोय?

अण्णा शांतपणे म्हणाले, "बरं. वसंता लागला दिवाळीला. आणि त्यानंतर शिमग्याला, पालखी नाचवायला रजा दिली नाही म्हणून नोकरीवर लाथ मारून गावी श्रीवर्धनला कोण गेलं होतं?"

"मी."

"पालखी झाल्यावर पुन्हा कामावर घ्या म्हणून कोण आलं?"

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे शिमग्याला नोकरी सोडली तर ती काय सोडली म्हणायची? आम्ही त्याला रजाच धरतो. पण कायद्याला पालखी कुठली कळायला!

मागे फिरलो असतो तर मामा गेले असते. मग छाती काढून म्हटलं, "नियम म्हणजे नियम. मामा राहतील, मी जातो. पण मला रीतसर नोटीस पाहिजे."

"देतो की. तुझं अक्षर चांगलं आहे, तूच लिही."

लिहिली. कारण, मुदत, सगळं जागच्या जागी. अण्णांनी नुसती सही ठोकली. मामा राहिले, याचा आनंद मला खरंच झाला. पण घरी बायकोचा चेहरा पाहिला आणि धीर सुटला. एखादी तरी खोट निघेल म्हणून नोटीस घेऊन पुन्हा वकिलांकडे गेलो.

त्यांनी ती सावकाश वाचली आणि चष्मा काढला.

"यात बोट ठेवायला जागा नाही. ज्यानं ही लिहिलीय ना, तो माणूस पक्का बेरकी आहे. माझं ऐक, त्याच्या नादी लागू नकोस."