विहिरीवरची मिटिंग

कंपनीनं कळवलं, कुठूनही काम करा, फिरा, मजा करा. टीममधले लोक गोव्याला आणि मनालीला पळाले. मी गेले कवठ्याला, माहेरी. आईला फोनवर सांगितलं होतं, सुट्टीही होईल आणि कामही. ती म्हणाली, दोन्ही म्हंजी धड एकबी न्हाई. मी हसले. शिकलेल्या लेकी आईच्या बोलण्याला हसतातच.

घरात रेंज नव्हती. ती सापडली शेतात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. खताच्या गोण्या दिसू नयेत म्हणून मागं चादर टांगली, खुर्ची मांडली आणि माझी सुट्टी सुरू झाली ती सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. आबांनी, म्हणजे वडिलांनी, माझी ड्युटी माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतली. शेळ्या लांब नेऊन बांधल्या. मला भेटायला आलेल्या चुलत्यांना बांधावरूनच माघारी धाडलं. जेवणाचा डबा दारात ठेवून चोरपावलांनी जायचे. मलाही साहेब झाल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू!

शेवटच्या दिवशी मात्र आईचा पारा चढला. कांदे बघितलेस का, खोलीच्या दारात येऊन म्हणाली, माना टाकल्यात सगळ्यांनी. आमच्याकडं शेतीची लाइट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. हा आठवडा दिवसाचा होता आणि आबांनी मोटारच लावली नव्हती. मोटार जुनी, लावली की त्या खोलीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

"आता पुढल्या आठवड्यात रातचं पाणी धरायचं. बिबट्या काय तुझी मिटिंग संपायची वाट बघत बसणार हाय व्हय?"

गेल्याच महिन्यात बिबट्यानं शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं नेलं होतं. आणि आबांचे गुडघे तर उजेडातसुद्धा कुरकुरतात.

मिटिंग ऐन रंगात होती. मी उठले आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. मोटार गुरगुरली, बाहेर हौदात धबाधब पाणी कोसळायला लागलं. साहेबांनी विचारलं, आवाज कसला? मी तोंड उघडायच्या आत कुणीतरी सांगून टाकलं, धबधबा असणार. मग रिसॉर्टचं नाव विचारणारे मेसेज आले. पुढचं मला काही ऐकूच येईना, तेव्हा माईक बंद केला आणि वाफ्यात धावले.

आबा खांद्यावर फावडं टाकून लगबगीनं येत होते. मी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभी. मला रागच आला होता. मोटार बंद ठेवायला तुम्हाला सांगितलं कुणी, असं मी जोरातच विचारलं. त्यांनी भरलेल्या वाफ्याचं तोंड बांधलं, पुढच्याचं फोडलं.

"म्हटलं, आवाज न्हाई झाला तर तुझं लवकर उरकंल. मग बसशील आमच्यासंगं घडीभर."

संध्याकाळची पुण्याची एसटी मी जाऊ दिली आणि सोमवारची रजा टाकली. साधी, बिनकामाची रजा.